सणाचा तांदूळ

मित्रांनो, कापूरहोळच्या बंद भातगिरणीत ताडपत्रीखाली उभे असलेले मी एक जुने यंत्र आहे, तांदूळ निवडणारे. माझ्या पोटात कॅमेरा आणि छोटा संगणक आहे. चांगले-वाईट दाणे एकदा दाखवले, की पुढे माझे मीच ओळखायचे आणि वाईटाला फुंकर मारून उडवायचे. २००४ साली मला सगळे ‘डोकं असलेलं मशीन’ म्हणत. मीही जरा फुशारले होते.

मालक दिलावरभाईंनी माझ्यासाठी वर्षभर आखणी केली. शेड वाढवली, चौथरा बांधला, वीज वाढवून घेतली. मी चुकले तर मला सुधारायचे कुणी, हे मात्र ठरवायचे राहून गेले.

गिरणीत सुपाने तांदूळ निवडायच्या अंबूबाई. दिलावरभाई त्यांना म्हणाले, “मावशी, मशीनला शिकवायला चांगला तांदूळ काढून द्या. मशीन आलं तरी तुमी हितंच ऱ्हानार.”

“पुन्याचा इंजिनेर पाव्हणा येतोय, त्येला कसलाबी तांदूळ कसा दाखवू?” अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी लग्नाच्या अक्षतांसाठी निवडावा तसा पांढराशुभ्र, अखंड दाणा वेचला. उरलेला सगळा ‘वाईट’ म्हणून ठेवला. सर्वांनी वाखाणले. कंपनीच्या इंजिनियरने येऊन मला तेच शिकवले आणि तो निघून गेला.

मग सुपे खुंटीला लागली. अंबूबाई हिर्डोशीला भावाकडे राहायला गेल्या. दिलावरभाईंना आपला शब्द आठवलाही नाही.

सुगी आली. वेल्ह्याकडच्या पासली गावच्या तांदळावर तांबूस रेघ असते, पण चवीला तो फार गोड. मी तो सगळाच उडवला. शेतकरी रखमाजी बाद ढिगापाशी उभे राहिले. “आमी वरीसभर ह्योच खातो, आन् ह्यो वाईट व्हय?” त्यांनी पोती पुन्हा टेम्पोत चढवली. मग वेल्ह्याकडचे कुणीच येईना.

मला शिकवणारी कंपनी तोवर बंद पडली होती. दिलावरभाईंनी अंबूबाईंना बोलावून आणले. त्यांनी बाद ढिगातली ओंजळ उचलली, माझ्या अंगावर हात ठेवला. “ह्यो चांगला हाय रं बाबा.”

मी ऐकत होते. पण ऐकून शिकणे मला जमत नाही; मला नवे शिकवायची सोय फक्त कंपनीच्या इंजिनियरकडे होती. त्यांनी पुन्हा पुन्हा तोच तांदूळ माझ्यातून सोडला, मी पुन्हा पुन्हा उडवला. शेवटी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटले.

उन्हाळ्यात गिरणीला कुलूप लागले.

मित्रांनो, माझ्यासारखे कुणी कामावर आणाल, तेव्हा त्याला सणाचे नको, रोजचे दाखवा. आणि दाखवणाऱ्या माणसाला घरी पाठवू नका. मला मात्र आता कुणी शिकवणार नाही. उद्या वीज आली, तरी मी पासलीचा तांदूळ उडवूनच लावीन.