न फुटलेली चार लिंबं

मी एक जुनी, लांबलचक, पांढरी मोटार आहे. इस्लामपूरजवळ लालासाहेबांच्या अंगणात, नारळाच्या सावलीत उभी असते. मित्रांनो, माझ्या मऊ गादीवर बसून गावच्या सत्तावीस नवऱ्या सासरी गेल्या. लोक म्हणत, "मोटार न्हवं गड्या, पालखी हाय!"

मग लालासाहेबांचा नातू ऋषिराज याने छोटी एसयूव्ही आणली. अंगाने आखूड, पायांनी उंच. खोटं कशाला बोलू? ती उसाच्या फडापर्यंत जाते, माझं पोट चाकोरीला घासतं. लालासाहेबांच्या बायकोचे, शालूबाईंचे, गुडघे दुखतात. तिच्यात त्या सहज बसतात, माझ्यातून मात्र त्यांना दोघांनी ओढून काढावं लागतं.

माझी चावी खुंटीला लागली. दीड वर्ष लोटलं. टपावर धूळ बसली, आरशामागे गांधीलमाशीने घर केलं. दसरा झाला की कवठे महांकाळचा भंगारवाला मला न्यायला येणार, असं ठरलं. मला काही वाटलं नाही. पत्र्याला काय वाटायचं?

खंडेनवमीला नवीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. ती झर्रकन पुढे गेली, लिंबं फुटली. शालूबाईंनी माझ्याही चाकांखाली चार लिंबं ठेवली.

"आजी, ती चालू हुईत न्हाई," ऋषिराज हसला. "ढकलून फोडू."

"ढकलल्यालं चालत न्हाई. आन् लिंबू फुटल्याबिगर गाडी दारातनं हलवायची न्हाई."

"अगं, परवा माणूस न्यायला येतोय!" लालासाहेब म्हणाले.

"येऊ दे की. बसंल लिंबं राखत."

तो आला. तोही याच मातीतला. लिंबं पाहून त्याने दोरखंड गुंडाळला. "फुटल्यावर फोन करा," म्हणाला आणि गेला. लिंबं सुकत राहिली, मीही.

आठ दिवसांनी लालासाहेबांनी शमशेर मिस्त्रीला बोलावलं. त्याने चाकांत हवा भरली, जुनं डिझेल काढून नवं ओतलं.

"काका, इंजिनात जीव हाय. बॅटरी तेवढी बसलीया."

ऋषिराजने नवी गाडी माझ्या तोंडासमोर आणली. तिच्या बॅटरीच्या वायरी माझ्या बॅटरीला जोडल्या. लालासाहेबांनी चावी फिरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी काळा धूर ओकले आणि थरथरत चालू झाले.

वायरी सोडल्या. नवी मागे सरली. मी हातभर पुढे गेले. वाळलेली लिंबं कटकट फुटली.

"फुटली बाई," शालूबाई तोंड फिरवून म्हणाल्या. "आता धाडा कुठं धाडायची ती."

लालासाहेब उतरले नाहीत. इंजिन चालूच होतं.

"ऋषी, भंगारवाल्याला सांग, येऊ नगंस म्हणावं. दवाखान्याला तुझी गाडी, सणाला ही."

आता बॅटरी पुन्हा बसू नये म्हणून दर रविवारी मला चालू करतात, खुंटीवर चावी किणकिणते. मित्रांनो, मला अजूनही फारसं काही वाटत नाही. पण शनिवारपासूनच कान तिकडे असतात. तुमच्या दारात कुणी गप्प उभं असेल, तर त्याला हार नको. आठवड्यातून एकदा चावी तेवढी फिरवा.