सरांच्या दाराशी ठेवलेली बादली

आमच्या घरात पूर्वी जेवणाचं टेबल होतं. आता त्या जागी माग आहे आणि घरची मंडळी ताट मांडीवर घेऊन जेवतात. नवऱ्याची तक्रार एवढीच की जेवणात लोकर येते. येते, मी नाही म्हणत नाही. पण इतकी वर्षं माझे केस यायचे तेव्हा हा माणूस निमूट गिळत होता, मग लोकरीनेच याचं काय घोडं मारलंय?

मी स्कार्फ विणते. सुयांवर नाही, मागावर, रीतसर ताणा-बाणा घालून. आणि धागा दुकानातूनच आणायचा तर त्यात माझं काय, म्हणून धाग्याचे उपद्व्यापही मीच करते. जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर, रेशमाची उरलीसुरली टोकं, पीळ दिलेला कागद, शेजारच्या कुत्र्याचे विंचरून काढलेले केस. कुत्र्याच्या केसांचा स्कार्फ फार उबदार झाला, फक्त तो गळ्यात घालून बाहेर पडलं की गल्लीतली बाकीची कुत्री चौकशीला यायची. कागदाचा स्कार्फ जावेला दिला. तिने तो वॉशिंग मशीनमध्ये टाकला. स्कार्फचा लगदा झाला आणि जाऊबाई त्यानंतर बरेच दिवस फोन उचलत नव्हत्या, जणू लगदा मीच केला होता.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. मुलगी शिकायला बाहेर असते आणि फोनवर आधी विचारते, 'स्वयंपाकाच्या कुठल्या पातेल्यात अजून रंग उकळला नाहीस?' सासऱ्यांना सगळे 'सर' म्हणतात, कारण ते उभा जन्म मुख्याध्यापक होते. मीही सर म्हणते. माझा नवरा त्यांचा सख्खा मुलगा, तोही सरच म्हणतो. तो त्यांच्याच शाळेत होता आणि एकदा वर्गात चुकून 'बाबा' म्हणाला, तर त्यांनी त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं होतं. तो अजून पुरता आत आलेला नाही.

सरांचं एकच ब्रीद: खोटं बोलायचं नाही. त्यापायी त्यांनी निम्म्या गावाचे कान पिळले. आमच्या लग्नात कुणीतरी हौसेने त्यांना विचारलं, सून कशी दिसतेय? सर म्हणाले, 'थकलेली.' माझा पहिला स्कार्फ त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, 'हे पूर्ण झालंय का?'

तर या सरांचं रक्त कमी झालं. जिना चढताना दम लागायला लागला, चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या, लालभडक, कोटाच्या बटणाएवढ्या. हा डॉक्टर सरांचाच विद्यार्थी. सर दवाखान्यात शिरले की हा स्वतःच्या खुर्चीतून ताडकन उठून उभा राहतो आणि सरांनी 'बस' म्हटल्याशिवाय बसत नाही. 'गोळ्या चुकत नाहीत ना, सर?' हेसुद्धा तो टेबलाकडे बघत विचारायचा. सर म्हणायचे, 'रोज न्याहारीनंतर एक काढतो.' ते खरंच रोज एक काढत होते. पुढे तिचं काय करत होते, हे विचारायची डॉक्टरची छाती नव्हती. रक्त काही वाढेना. तेव्हा डॉक्टरने गोळ्या वाढवल्या आणि म्हणाला, असंच राहिलं तर दवाखान्यात दाखल करून सगळ्या तपासण्या कराव्या लागतील.

आता बादलीकडे येते. चहाचा चोथा मी साठवून ठेवते, तो उकळते आणि त्या पाण्यात लोकर-रेशमाच्या लड्या मुरायला घालते. ही बादली पॅसेजच्या कोपऱ्यात, सरांच्या खोलीच्या दाराशी असायची. तिथे ऊन येत नाही आणि सरांच्या दाराशी नवरा विनाकारण फिरकत नाही. एकदा असं झालं की मी दुसऱ्याच स्कार्फमध्ये गुंतले आणि बादलीला विसरले. बऱ्याच दिवसांनी लड्या बाहेर काढल्या आणि जागच्या जागी खाली बसले.

राखाडी रंग. पण मेलेला राखाडी नाही. मधेच गडद ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळट झाक विरत गेलेली. मागावर चढवल्यावर ते ठिपके आपसूक एकमेकांत सरकले आणि स्कार्फवर पावसाळी आभाळ उतरलं. मी काहीच केलं नव्हतं, फक्त बाण्याच्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे टाकत होते. मी तो स्कार्फ प्रदर्शनवाल्या बाईंकडे नेला. या बाईंचं शहरात कलादालन आहे आणि त्यांनी आजवर माझं काम दरवेळी 'प्रयत्न छान' म्हणून परत केलं होतं. त्यांनी या वेळी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, 'याच रंगाचे अजून पाच करा. पुढच्या प्रदर्शनात एक अख्खी भिंत तुमची. पण रंग हाच हवा हं.'

मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी 'अजून' म्हणालं. आमच्या घरात 'पुरे' म्हणायची पद्धत आहे.

पाच स्कार्फचा धागा त्या बादलीत मावेना, म्हणून मी सगळं काम बाल्कनीतल्या मोठ्या टबात हलवलं. लड्या मुरवल्या, काढल्या. रंग आला चहाचा. त्याला तरी काय दोष द्यायचा, चहाच होता तो. चहात लोह पडलं की तो काळवंडतो, हे मला माहीत होतं, म्हणजे त्या बादलीत कुठून तरी लोह गेलं होतं. पण कुठून? गंजके खिळे टाकले तर तांबडे डाग पडले. हिराकस आणलं, ही लोहाची हिरवट पूड रंगारी वापरतातच, तर सगळी लडी छत्रीच्या कापडासारखी एकजात काळी झाली. नळाच्या पाइपवर संशय घेतला. नवऱ्याला वरच्या मजल्यावरून पाणी आणायला लावलं. बादलीची कडी खरवडून पाण्यात टाकली.

'आधी तू त्यात काय घातलं होतंस ते आठव ना,' नवरा जिन्यात धापा टाकत म्हणाला.

'काही घातलं नव्हतं!'

'मग आताही काही घालू नकोस. तेवढ्यासाठी मला वर कशाला पाठवतेस?'

प्रदर्शन जवळ आलं. माग रिकामा उभा होता. प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला की रंग जमत नसेल तर तसं सांगा, भिंतीसाठी दुसरं कुणीतरी आहे. फोन ठेवला आणि मी मागावर डोकं टेकून रडले. शोभेलसं नाही, चांगलं नाक ओढत. समोरच्या खुर्चीत सर वर्तमानपत्र वाचत होते. ते 'रडू नकोस' म्हणाले नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली, उठले, खोलीत गेले, परत आले, परत गेले. शेवटी दारात उभे राहून खाकरले.

'अगं, ती बादली.'

'कुठली?'

'माझ्या दाराशी असायची ती. ती कशाला हलवलीस?'

'तुम्हाला अडचण नको म्हणून, सर.'

'मी तशी तक्रार केली नव्हती. परत तिथे ठेव. चहाचं पाणी भरून, धागा घालून ठेव.'

'सर, रंगाचा आणि जागेचा काय संबंध?'

'ठेव म्हटलं ना,' सर म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मला वाटलं, झालं. अंगात रक्त नाही म्हटल्यावर डोक्यापर्यंत कुठून पोचणार? पण सरांना उलट बोलायची हिंमत डॉक्टरला नाही, मुलाला नाही, मग मी कोण लागून गेले? ठेवली बादली.

आणि रंग आला. तोच! ठिपके, जांभळट झाक, सगळं. मी लडी पिळायला उचलली तर तिच्या पिळात काहीतरी टोचलं. काढून पाहिलं. अर्धवट विरघळलेली लाल गोळी. तळाशी हात घातला तर आणखी दोन. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, रंग सापडला. दोन, हा म्हातारा मरणार.

गोळी बशीत ठेवून मी सरांच्या खोलीत गेले.

'सर, हे काय आहे?'

'गोळी.'

'कुणाची?'

'माझी.' खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही.

'तुम्ही घेत नाही?'

'पहिला आठवडा घेतल्या.'

'आणि मग?'

रक्त नाही, रक्त नाही म्हणतात, पण सरांचे कान लालबुंद झाले. ते खिडकीकडे वळले.

'काही गोष्टी सुनेशी बोलायच्या नसतात,' ते खिडकीला म्हणाले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मुलीच्या वेळी मीही याच गोळ्या खाल्ल्या होत्या आणि संडासात बसून देवाधर्माचं सगळं आठवलं होतं.

'पोट साफ होत नाही?'

सरांनी पाठमोऱ्यानेच मान हलवली.

'अहो, मग डॉक्टरला सांगायचं ना! दुसरं औषध देतात.'

'त्याला मी व्याकरण शिकवलंय,' सर म्हणाले. 'त्याच्यासमोर बसून मी हे सांगू?'

'आणि मी बादली हलवली तेव्हा गोळ्या कुठे जात होत्या?'

'कुंडीत.'

बाल्कनीतलं झाड का वाळलं, याचाही उलगडा झाला.

'रंग यानेच येतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?'

'संशय होता. बादली गेली आणि तुझा रंग गेला.' सर अजून खिडकीकडेच बघत होते. 'तू रडलीस तेव्हा खात्री करून घ्यावीशी वाटली.'

बादली परत मागायची म्हणजे आज ना उद्या मी तळाशी हात घालणार आणि आपण पकडले जाणार, हे न कळण्याइतके सर खुळे नाहीत. कळूनही त्यांनी ती मागितली होती. ज्या माणसाने माझ्या पहिल्या स्कार्फला चिंधीच्या पंक्तीला बसवलं, त्याने. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच माया आली. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसती बशी उचलली.

'डॉक्टरशी मी बोलते,' मी म्हटलं. 'बाकी कुणाला कळणार नाही. तुमच्या मुलालासुद्धा नाही. शब्द.'

डॉक्टरला मी फोनवर सांगितलं. तो एवढ्या जोरात हुश्श म्हणाला की मलाच त्याची दया आली. त्याने गोळ्या बंद करून शिरेतून द्यायची लोहाची सलाइन सुरू केली आणि वर मला विनवलं, 'मला कळलंय हे सरांना सांगू नका.' उरलेली पाकिटं बादलीच्या वाट्याला आली. रोज न्याहारीनंतर सर स्वतःच्या हाताने एकेक गोळी सोडायचे, एका जागी दोन पडू नयेत म्हणून वाकून बघत. पाच स्कार्फ विणून झाले तोवर सरांच्या तोंडावरही थोडा रंग चढला होता.

प्रदर्शनाला सर कोट घालून आले. भिंतीवर पाच आभाळं ओळीने लटकत होती आणि समोर माणसं उभी होती. नवऱ्याने तर मला सगळ्यांसमोर 'अहो' म्हटलं. तेवढ्यात प्रदर्शनवाल्या बाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि मला म्हणाल्या, 'आता सांगाच. हा रंग येतो कशाने?'

मी सरांना शब्द दिला होता.

'चहाचा चोथा,' मी म्हटलं. 'आणि, म्हणजे, खिळे. गंजलेले खिळे.'

मागून कुणीतरी खाकरलं.

'खोटं.'

गर्दीतल्या दोन टकल्या गृहस्थांनी खिशातले हात बाहेर काढले आणि ताठ उभे राहिले. विद्यार्थी असणार.

'सर, राहू द्या ना,' मी कुजबुजले.

'खिळ्यांनी हा रंग येत नाही,' सर म्हणाले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. 'तिने घालून पाहिले, डाग पडतात. हा रंग लोहाच्या गोळ्यांचा आहे. त्या गोळ्या माझ्या. मी त्या घेत नव्हतो, तिच्या बादलीत टाकत होतो, कारण त्यांनी मला बद्धकोष्ठ झालं होतं.'

नवरा आडोशाला खांब शोधायला लागला. प्रदर्शनवाल्या बाईंचा हात गळ्यातल्या स्कार्फवरच थिजला. तो आमचाच होता, सहावा, त्यांनी मिरवायला घातला होता. मग त्या दोन टकल्यांपैकी एकाने भीतभीत हात वर केला.

'सर, मलाही त्याच गोळ्या चालू आहेत. मग तुम्ही आता काय घेता?'

'पुढे ये,' सर म्हणाले.

त्यानंतर बराच वेळ माझ्या भिंतीपेक्षा सरांच्या खुर्चीभोवती गर्दी होती.

घरी परतताना सर रिक्षात माझ्या शेजारी बसले होते. नवरा पुढे, ड्रायव्हरला चिकटून, आमच्याशी ओळख नसल्यासारखा.

'सर, कशाला सांगितलंत? मी शब्द दिला होता ना,' मी म्हटलं.

'तू खोटं बोलत होतीस.'

'तुमच्यासाठीच बोलत होते.'

'तेच,' सर म्हणाले. 'माझ्या सुनेने माझ्यापायी स्वतःच्या कामाबद्दल खोटं बोलावं, एवढं माझं पोट महत्त्वाचं नाही.' मग ते बाहेर बघत म्हणाले, 'आणि ते स्कार्फ पूर्ण झालेत. सगळे.'

सरांनी कान पिळल्यावर उलट बोलायचं नसतं.