इलारियेच्या हातचं दान

इलारिये खाटीक होता, त्यामुळे मेंदू त्याला नवा नव्हता. दुकानात त्यानं हजारेक तरी विकले असतील, आणि दर गिऱ्हाइकाला सांगितलं असेल, की हा नुसता दिसायला गुंतागुंतीचा. अंड्यात घोळवा आणि तळा. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्याच मेंदूचं चित्र उजेडासमोर धरलं, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं. वर, माल जरा सुकलाय, असंही म्हणाला. निदान अचूक होतं.

बाईंनी त्याच्या बायकोला, साफ्ताला, बाजूला घेतलं. श्वास, काळजाचे ठोके हे सगळं मेंदूच्या बुडाकडून चालतं, ते ठीक आहे. चालणं, हातांच्या सवयी, त्याही शाबूत आहेत. पण आठवणी धरून ठेवणारा एक भाग असतो, कानाच्या आतल्या बाजूला, करंगळीएवढा. तो वाळत चाललाय. साफ्तानं स्वतःची करंगळी निरखून पाहिली. सेहेचाळीस वर्षांचा संसार एवढ्याशा जागेत ठेवलाय, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

घरी येताच तिनं जेवणाचा शनिवार ठरवला. आपल्यामागं आपल्या नावानं कोण किती वाढेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांच्या गावात म्हातारी माणसं मरणाचं जेवण जिवंतपणीच घालतात. इथं जे द्याल तेच पलीकडे तुमच्या ताटात. अट एकच, दान आपल्या हातानं आणि आपल्या नावानं द्यायचं. नाही दिलं, तर पलीकडे कायमचे उपाशी. आणि इलारिये उपासाला फार कच्चा. उपवासाच्या दिवसांतही तो सॉसेजला भाजीच म्हणायचा. करंगळी पुरती वाळायच्या आत हे उरकायला हवं होतं.

अंगणात आलुबुखाराच्या झाडाखाली टेबलं लागली. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण, मेणबत्ती खोचलेले गोल पाव, दान म्हणून वाटायला नव्या सुरया आणि टॉवेल. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. शेजारीण वेटा, इलारियेची पलीकडे आबाळ होऊ नये म्हणून, आधीच दुसऱ्यांदा जेवत होती. साफ्तानं नवऱ्याच्या हातात सुरई दिली. म्हणाली, "दे, आणि म्हण, इलारियेसाठी."

नव्या कोटातल्या इलारियेनं सगळीकडे पाहिलं आणि तिच्याकडे वाकून हळूच विचारलं, "बाई, कोण गेलं हो?"

उशीर झाला होता, कदाचित एकाच दिवसाचा. तूच, असं सांगितलं असतं तर तो उठून गेला असता.

"इलारिये," ती म्हणाली. "खाटीक."

त्यानं टोपी काढली. "काय सांगता. परवाच तर भेटला होता." मग म्हणाला, "माणूस बरा होता. बडबड्या होता, पण बरा. मागं बायको आहे?"

"आहे."

"मग तिला वाढायचं सोडून ह्या शेजारणीला काय चारताय?"

सुरई खाली ठेवून त्यानं ताट घेतलं. मोठे मोठे तुकडे निवडून घेतले, पाव मोडला, मेणबत्ती पेटवली. हात जराही चुकला नाही. टेबलाभोवतीच्या बायकांचे चेहरे एकेक करून पाहिले आणि ताट आणून साफ्तापुढे ठेवलं.

"इलारियेसाठी घ्या, बाई. देव त्याला क्षमा करो."

साफ्तानं पाद्रीबाबांकडे पाहिलं. त्यांनी घास गिळून निर्णय दिला, की हात त्याचा, नाव त्याचं, दान लागू. देणाऱ्याची त्या माणसाशी ओळख असलीच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही.

"बोगदाप्रोस्ते," दान घेणाऱ्यानं म्हणायचं ते साफ्ता म्हणाली, आणि स्वतः रांधलेलं सगळं, शेवटच्या घासापर्यंत, खाल्लं.

ऊन कलल्यावर पाहुणे पांगले. इलारिये म्हणाला, की आजच्या दिवशी तुम्ही एकटीनं घरी जाणं बरं नाही. त्यानं तिला हात दिला, अंगणाच्या निळ्या फाटकाबाहेर नेलं, चर्च, गिरणी, विहीर असा वळसा घातला आणि एकही वळण न चुकता त्याच निळ्या फाटकाशी आणून सोडलं. कडी अडकायची, ती त्यानं नेहमीसारखी जरा उचलून उघडली. कुत्रा शेपटी हलवत त्याच्याच पायांत आला.

"आत ये ना," साफ्ता म्हणाली.

तो एक पाऊल मागं सरला, टोपी छातीशी धरून. "आज नको, बाई. तुमच्या घरातला माणूस गेलाय. लोक काय म्हणतील?"

साफ्ताही मग आत गेली नाही. फाटकाशेजारच्या बाकावर बसली आणि तिनं त्यालाही बसायला सांगितलं. तो बसला, अगदी टोकाला. मध्ये एका माणसाची जागा सोडून.