लाभाचा चॅनेल

शालनने आयुष्यात परीक्षा पुष्कळ दिल्या, पण हॅम रेडिओच्या परवान्यासाठी मोर्सचं डिट-डा घोकलं तसं दुसरं काहीच घोकलं नव्हतं. मोहन्याच्या शाळेतली ही गणिताची बाई वर्षभर दर शनिवारी बाळकुमला परशुरामकाकांकडे शिकायला जायची. काका कोळीवाड्यातले, टेलिफोन खात्यातून निवृत्त. १९९३च्या जानेवारीत परवाना एकदाचा हातात पडला आणि नेमके तेव्हाच काका जिन्यावरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसले.

पण गडी हट्टी. बसल्या जागी त्यांनी शालनच्या सेटमध्ये दहा चॅनेल भरले आणि दर रविवारी रेडिओवर होणाऱ्या हजेरीत साऱ्या ग्रुपला सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी माझी पोरगी मोहन्याहून बोलेल. नाही बोलली तर माझं शिकवणं बंद!" याआधीच्या तीन शिष्यांनी परवाना फ्रेम करून भिंतीला लावला होता आणि सेट कपाटात ठेवला होता. काकांना ते फार लागलं होतं.

रविवारी शालन धाकट्या भावाला, कुंडलिकला घेऊन मोहन्यामागच्या टेकडीवर चढली. हजेरी नऊ ते सव्वानऊ. सेटबरोबरच्या चिठ्ठीत काकांच्या बायकोच्या, भागीरथीकाकूंच्या अक्षरात एकच ओळ होती : 'आपला ग्रुप – लाभ.' धान्य मापताना एक न म्हणता 'लाभ' म्हणतात, हे शालनला आजीमुळे ठाऊक होतं. तिने ऐटीत एकचं बटण दाबलं आणि परवान्यावर मिळालेली आपली ओळख, कोरी करकरीत कॉल-साइन सांगितली.

नुसती खरखर.

मग दोन, तीन, चार, थेट नऊपर्यंत. सातवर दोघे गुजरातीत उंधियूबद्दल बोलत होते, त्यांना मध्येच तोडायचं तिला धाडस होईना. बाकी सगळीकडे शुकशुकाट. घड्याळात नऊ बारा.

"आणि शून्य?" कुंडलिकने विचारलं.

"शून्य म्हणजे रिकामं. तिथे कोण बसणार?" गणिताच्या बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"मग चल ना ताई. बाजारात मांदेली संपतील, आई दोघांना सोलेल."

मांदेली म्हणताच शालनला काकूंची मासळीची पाटी आठवली. शनिवारी काकू तिला मासळी द्यायच्या. पहिला मासा पिशवीत टाकताना म्हणायच्या, "लाभ!" आणि मग दुसऱ्यापासून मोजणी : एक, दोन, तीन. "काकू, एक जास्त गेला," असं शालन एकदा म्हणालीही होती. काकू हसल्या होत्या, "लाभ मोजाचा नाय, पोरी. तो वरचा."

सेटवर एकाच्या आधी शून्य, काकूंच्या मोजणीत एकाच्या आधी लाभ! शालनने शून्य दाबलं.

"...दोन मिनिटं थांबा रे. येईल ती," काकांचा आवाज आला. अगदी अजिजीने बोलत होते बिचारे.

शालनने लगेच कॉल-साइन सांगितली, गाव सांगितलं आणि म्हणाली, "काका, उशीर झाला. मी एकपासून मोजत बसले. ओव्हर."

मग सहा-सात जण एकदमच बोलायला लागले. मागून काकूंचं खो-खो हसणं ऐकू आलं, "मास्तरीन हाय ती, मोजनारच!"

हजेरी घेणारे डोंबिवलीचे बाबुराव म्हणाले, "परशुराम, एकवीस झाले. लिहू?"

"वीसच लिही," काका म्हणाले. आवाज पार ओला झाला होता. "आणि नवे शिकाऊ असतील तर शनिवारी पाठव माझ्याकडे. पण हजेरी वीसच. ही लाभ आहे. ओव्हर."