‘तुम्ही’तला म

कारखान्यात त्याला सगळे तारमास्तर म्हणत. लिफ्टच्या पॅनेलमधल्या शेकडो तारांतून बिघडलेली एक तार तो कणकेतला केस काढावा तशी अलगद काढायचा. माणसांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदच होता. पन्नाशी आली तरी खोलीत खुर्च्या दोनच, आणि त्यातली दुसरी कपडे टाकायला.

रविवारी दुपारी तो चहा गाळत होता, तेवढ्यात फोनवर पिटूचा मेसेज आला. पिटू त्याची धाकटी बहीण. मेसेज तिनं मोबाइलवरूनच लिहिलेला, असा: ‘कीबोर्डच्या डाव्या भागातली काही बटणं उमटत नाहीत. उपाय कळवावा.’

कळवावा! पाणीपुरवठा खात्याला अर्ज करावा तसं. ‘सांग’ नाही, ‘सांगा’ही नाही. तरी तिनं स्वतःहून लिहिलं होतं, आणि चहा गाळण्याबाहेर सांडला तरी त्याला पत्ता नव्हता.

तो कीबोर्ड त्यानंच बनवलेला. पिटू दिवसभर लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकून टाइप करायची, आणि तिची मनगटं पार कामातून गेली होती. म्हणून त्यानं एका कीबोर्डचे दोन तुकडे केले, एकेका हाताला एकेक, म्हणजे हात आखडून बसायला नको. एकेका बटणाची तार त्यानं स्वतः सोल्डरचा डाग देऊन जोडली होती. अशा वस्तूला दुसरा कोणी दुरुस्तीवाला हात लावणार नाही, त्यामुळे पिटूला त्याच्याकडे येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे त्याला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार.

आईच्या शेवटच्या आजारात पिटूनं फोन केला होता, “अरे दादा, ये.” हा म्हणाला, “हातातलं एवढं आटोपतो आणि निघतो.” त्याचं काम आटोपलं, तोवर आईचंही आटोपलं होतं. तो पोचला तेव्हा पिटूनं दार उघडलं आणि म्हणाली, “या, बसा.” पाण्याचा पेलासुद्धा आणून दिला. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तरी त्यानं मान खाली घालून ऐकल्या असत्या. जन्मभर ‘अरे दादा’ म्हणणाऱ्या बहिणीनं ‘या, बसा’ म्हटल्यावर भावानं कुठे बसायचं? तेव्हापासून तो तिच्या तोंडी ‘तुम्ही’ झाला, आणि त्या ‘तुम्ही’नं त्याला आतून पोखरलं होतं.

त्यानं उत्तर दिलं, ‘त्याच कीबोर्डवरून काहीतरी लिही आणि न सुधारता पाठव. दुरुस्त होईस्तोवर त्याच्यावरूनच लिही. काय काय गळतंय ते बघतो.’

थोड्या वेळानं आलं: ‘तुही हलत तसं लिहिते. झं क थंबलंय.’

तो खो खो हसला. त्या खोलीत हसण्याचा आवाज इतका परका वाटला की तो लगेच थांबलाही. मग कोडं सोडवायला बसला. ‘तुम्ही म्हणालात तसं लिहिते. माझं काम थांबलंय.’ म्हणजे काना गळतोय, पाय मोडायचं बटण गळतंय आणि म गळतोय. त्याच बटणांवरचे आ, अ, णसुद्धा. पिटूच्या मांडणीत काना-मात्रा सगळ्या डाव्या हाताखाली. ही तिन्ही बटणं एकाखाली एक, डावीकडून तिसऱ्या उभ्या ओळीत, आणि त्या अख्ख्या ओळीला तार एकच. तीन बटणं एकदम मरत नसतात. त्या तारेचा टोकाचा डाग सुटला असणार, दुसरं काही नाही.

निदान झालं तरी तो त्या पहिल्याच शब्दाशी घुटमळला. तुही. म गळला आणि ‘तुम्ही’तून ‘तू’ डोकावला. पिटूनं म्हटलेला नव्हता, डाग सुटल्यानं पडलेला. पण त्यानं तो पुन्हा पुन्हा वाचला.

आता खरं सांगायचं तर काम चिमूटभर होतं. पिटूच्या टेबलाच्या खणात त्यानंच दिलेलं सोल्डरिंग आयर्न होतं, आणि लहानपणी त्याच्यासाठी तारा धरून धरून तिचा हात चांगला बसलेला. ‘तुला जमणार नाही, मलाच येऊन बघावं लागेल,’ एवढी एक थाप मारली की गाडीचं तिकीट काढायला तो मोकळा. थाप त्यानं टाइपही केली. मग खोडली. तिचं काम अडलेलं होतं, आणि तारेच्या बाबतीत तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता.

त्यानं लिहिलं, ‘डावा भाग उलटा कर, चार स्क्रू काढ. पिवळी तार चिपला जिथे मिळते तिथला डाग सुटलाय. आयर्न टेकव, थोडं सोल्डर दे, बस्स. तुला सहज जमेल.’ आणि मग, पाठवायच्या आधी, खाली जोडलं: ‘नाहीतर मी येऊन करतो. येऊ का?’

पाठवलं. उठून त्यानं दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलले, कुठे ठेवावे ते न सुचून पुन्हा तिथेच टाकले. डोकं मात्र आपल्या सवयीनं चालूच होतं. काना नाही, म्हणजे ‘या’ लिहिलं तर नुसता ‘य’ उमटेल. ‘ये’ लिहिलं तर ‘ये’ पुरता उमटेल, मात्रेचं बटण ठणठणीत आहे. ‘दादा’चं ‘दद’ होईल. दद तर दद! नुसता ‘य’ आला तरी त्याची तक्रार नव्हती. गळलेलं तो आपल्या मनानं भरून घेणार होता, आणि काय भरायचं तेही त्यानं ठरवून टाकलं होतं.

उत्तर आलं.

‘नको.’

त्यानं तेही तपासलं, आयुष्यभराची खोड. न, क आणि करंगळीखालचा ओकार. तिसऱ्या ओळीतलं त्यात काहीच नव्हतं, त्यामुळे गळलंही काही नव्हतं. भरायला जागाच नव्हती. आणि ‘नको’ हा शब्द असा, की दारावरच्या विक्रेत्यालाही तोच आणि सख्ख्या भावालाही तोच. तिनं तो ‘तू’ला म्हटला की ‘तुम्ही’ला, एवढंसुद्धा त्यावरून त्याला कळेना.