उजव्या बुटाची पत्री

जावईबापूंचा उजवा बूट नेहमी पुढूनच झिजायचा; डावा मात्र नव्यासारखा. धाकट्या बहिणीचाच नवरा, म्हणून बूट दुरुस्त करता करता दादा तोंडसुख घ्यायचा. "आळशी माणूस दोन्ही पाय घासतो. तुम्ही त्यातही निम्मंच काम करता." वर्षभराने सारख्या दुरुस्तीला कंटाळून दादाने टोकाखाली लोखंडी पत्री ठोकली. झीज थांबली, आणि दादा स्वतःच्या अकलेवर खूश झाला.

त्यालाही दोन वर्षं झाली. मग जावईबापूंचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरू लागला. बहीण त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली, सोबतीला दादा. डॉक्टरांनी त्यांना खोलीतच चालायला लावलं. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटलेला, आणि उजव्या पावलागणिक फरशीवर खर्र आवाज येत होता.

"कंपवात दिसतोय. बहुधा एकाच बाजूने सुरू होतो," डॉक्टर म्हणाले. "पाय कधीपासून घासतोय?"

"महिनाभर असेल," बहीण म्हणाली. "बूटसुद्धा झिजलेले नाहीत."

दादाने खाली पाहिलं. पत्री घासून घासून आरशासारखी झाली होती.

"तीन वर्षं," तो म्हणाला.