सकुबाईच्या कमरेची पोटली

मुरबाडच्या सकुबाईची गाठ साऱ्या तालुक्याला ठाऊक. म्हशाच्या जत्रेत एका चोरानं तिच्या कमरेची पोटली सोडवायला घेतली, तो पुढच्या जत्रेपर्यंत सोडवतच होता म्हणतात. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. अजून बोटं चोळत बसलाय.

गर्दीत शिरायचं तर गळ्यातलं काढून, फडक्यात बांधून कमरेला खोचायचं, हे तिला सासूनं शिकवलेलं. म्हणून दुबईला लेकीकडे राहून परतताना तिनं सासूची ठुशी तशीच बांधली. विमानतळावर यंत्र ओरडलं आणि कस्टमवाल्यांनी ठुशी ठेवून घेतली. लपवून आणलेलं परदेशी सोनं, परत मिळणार नाही, असा पुढे लेखी हुकूमच आला. घरातली प्रत्येक नवरी तीच ठुशी घालून हळदीला बसलेली, आणि नात भूमिकाची हळद तर वैशाखात. सकुबाईच्या घशाखाली घास उतरेना.

वाशिंदच्या बुद्धभूषण वकिलानं अपील केलं. दुबईला निघतानाच्या फोटोत सकुबाई ठुशी घालून हसत होती, तो फोटो जोडला. ही ठुशी चाळीस वर्षांपूर्वी आपणच गाठवली, असं म्हाताऱ्या सोनारानंही लिहून दिलं. सुनावणीत कस्टमच्या मोठ्या साहेबांनी कागद चाळले आणि एवढंच विचारलं, की जुनीच होती तर लपवली कशाला?

वकील उत्तर जुळवत होता, तोवर सकुबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कमरेशी थोडी खुडबुड केली, वळली आणि पोटली टेबलावर उघडून ठेवली. आत तिचं मंगळसूत्र.

"आज हे कोणापासून लपवलंत?" साहेबांनी विचारलं.

"कल्याणच्या गर्दीपासून, साहेब. तुमच्यापासून लपवायचं असतं, तर तुमच्याच टेबलावर ठेवलं असतं का? आमी जत्रेला जातो ते असंच जातो. तुमचा विमानतळ पण जत्राच हाय, निस्ता पाळणा नाय."

साहेब असे हसले की चष्मा टेबलाखाली गेला. तो शोधायला दोन शिपाई लागले.

पंधरा दिवसांत पहिला हुकूम रद्द झाला. वैशाख लागायच्या आत सकुबाई ठुशी आणायला गेली, ती संध्याकाळी परतली. अंगणात उभ्या भूमिकानं आजीचा रिकामा गळा पाहिला आणि तिचं तोंडच उतरलं.

"नाय दिली का गो आजी?"

"दिली गो. थांब जरा."

सकुबाई गाठीशी झटू लागली. चोराला न सुटलेली गाठ आज तिलाही सुटेना. शेवटी भूमिकानं दातांनी सोडवली. ठुशी नातीच्या तळहातावर आली, तशी सकुबाई ओट्यावर टेकली आणि कितीतरी महिन्यांनी म्हणाली, "भाकर आण गो. भूक लागली."